धोरण, नियम आणि एक घोडा

प्रश्न असा आलाय: संस्थेच्या कागदपत्रांत 'धोरण', 'नियम' आणि 'कार्यपद्धती' हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, तर त्यांत फरक काय?

फरक आहे, चांगला ढळढळीत आहे. 'रजेचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा' या एका ओळीवर जाड टाइपात 'रजा धोरण' छापलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. अहो, तो नियम! आजारी माणसाला झुकतं माप द्यायचं की सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं, हे संस्थेनं ठरवलं की ते धोरण. 'आमच्या धोरणात बसत नाही' हे तर बहुतेक वेळा 'देणार नाही, जा' याचं इस्त्री केलेलं रूप असतं.

पण खरी गंमत शब्दातच आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'धोर्' असा धातू आहे आणि त्याचा अर्थ दिलाय 'गतिचातुर्ये', म्हणजे चालण्यातलं कसब! अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात घोड्याच्या पाच चाली सांगितल्यात, त्यांतली एक 'धौरितक', आपली दुडकी. त्याच कोशात 'धोरण' हा शब्दही आहे, वाहन या अर्थी. मराठीत 'त्याच्या बोलण्याचं धोरण कळलं' म्हणतो तेव्हा बोलणं कुठल्या दिशेनं चाललंय ते कळलेलं असतं. वाहन, त्याची चाल, बोलण्याची चाल आणि शेवटी कारभाराची चाल, अशी ही साखळी मी लावतो. कन्नडमध्ये 'धोरणे' म्हणजे दृष्टिकोन, गुजरातीत 'धोरण' म्हणजे शाळेतली इयत्ता. घोडा एकच, तबेले वेगळे.

'धोरण हे धारणाचंच बिघडलेलं रूप' असं एका शब्दपंडितांनी मला ठासून सांगितलं होतं. धारणा म्हणजे धरून ठेवणं, धोर् म्हणजे चालणं. उभा घोडा आणि चालता घोडा ज्यांना सारखेच दिसतात, त्यांच्याशी काय वाद घालायचा? दुसरा एक पंथ हिंदीच्या मागे जाऊन 'नीती' म्हणा म्हणतो. मराठी कानाला नीती म्हटलं की आधी सदाचार ऐकू येतो. 'संस्थेची खरेदी नीती' वाचून मला तरी वाटतं, आता लाच न घेण्याची शपथ असणार.

आणि कृपा करून 'विमा धोरण काढलं' लिहू नका. इंग्रजीत धोरणाची 'पॉलिसी' आणि विम्याची 'पॉलिसी' हे शब्द दिसायला एक असले तरी कुळं दोन आहेत. कारभाराची पॉलिसी ग्रीक 'पोलिस', म्हणजे नगर, यातून आली. पोलीसही तिचेच भाऊबंद. विम्याची पॉलिसी इटालियन 'पोलिझ्झा'तून आली, ती नुसती पावती. विम्याचं धोरण कंपनीचं असतं, पॉलिसी तुमची.

हां, नियम राहिला. तोही तबेल्यातलाच निघतो! 'यम्' म्हणजे आवरणं; अमरकोशात सारथ्याला 'नियन्ता' हा एक शब्द आहे. तेव्हा घोड्यानं कुठल्या चालीनं जायचं हे धोरण आणि लगाम कुठे खेचायचा हा नियम. कार्यपद्धती म्हणजे खोगीर चढवायच्या पायऱ्या. त्या शब्दात व्युत्पत्तीची काहीच मजा नाही, म्हणून सोडून देतो.