पेंटरची मुलगी आणि ‘एआय’ची धास्ती

“मॅडम, पोरीला चित्रकलेला घालू का नको, तेवढं सांगा. आता सगळं ते एआयच करालंय म्हणे.”

हल्ली निकालाच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन निदान चार-पाच पालक तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यातल्या एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील बेळगावातले जुने बोर्ड पेंटर. खडे बाजार, किर्लोस्कर रोड, शहापूर, सगळीकडे त्यांच्या हातची अक्षरं होती. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायचे. “कन्नड अक्षर मनगटातून फिरतं, मराठी अक्षर खांद्यातून उतरतं,” असं त्यांनी मला हवेत हात फिरवून दाखवलं. आता ते एका गोदामात हिशेब बघतात. मुलगी नुकतीच पीयूसी, म्हणजे आमच्याकडची बारावी, झालेली. तिला चार वर्षांच्या दृश्यकला पदवीला जायचं होतं, आणि दोन महिन्यांपासून तिने कागदाला हात लावला नव्हता. “रात्रभर मोबाईलवर तसलीच चित्रं बघत बसालीय,” वडील म्हणाले. मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

पहिल्या भेटीत मी करिअरबद्दल एक अक्षर बोलले नाही. मुलीला म्हटलं, हे यंत्र चित्र काढतं म्हणजे नेमकं काय करतं, ते पप्पांना समजावून सांग. मनातल्या भीतीला आकार नसला की ती वाढत जाते. ती दुसऱ्याला समजावताना तिला कडा येतात, म्हणून मी हे मुद्दाम करते.

तिने छान सांगितलं. यंत्राला कोट्यवधी चित्रं आणि त्यांची वर्णनं दाखवतात. चित्रावर थोडे थोडे ठिपके टाकत ते पुरतं धूसर करतात, आणि ते ठिपके काढून टाकायला यंत्राला शिकवतात. मग आपण शब्द दिले की ते नुसत्या ठिपक्यांतून सुरुवात करून पायरीपायरीने त्या शब्दांना जुळणारं चित्र बाहेर काढतं. वडिलांना वाटत होतं, कुठूनतरी कापून चिकटवतात. “मग ती कोट्यवधी चित्रं कुणाची?” त्यांनी विचारलं. मुलीला उत्तर सुचलं नाही. तिच्या डोक्यात एकच बातमी घट्ट बसली होती: 2022 साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत डिजिटल कलेचं पहिलं बक्षीस मिडजर्नी नावाचं एआय वापरून केलेल्या चित्राला मिळालं. पुढचं मी सांगितलं. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेतल्याच तीन चित्रकर्त्यांनी अशा कंपन्यांवर खटला भरला, की आमची चित्रं आम्हाला न विचारता यंत्राच्या शिकवणीला वापरली. वडील एकदम ताठ बसले. “न विचारता?” त्यांचा आवाज चढला होता, आणि तो मुलीसाठी चढला नव्हता.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना एकट्यालाच बोलावलं. फ्लेक्स आला तेव्हा काय झालं, एवढंच विचारलं. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, एका साडीच्या दुकानाचा बोर्ड त्यांनी आठ दिवस खपून रंगवला होता. खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची, सरळ रेघ उठते, त्या रेघेला शिरोरेघ टांगायची. चार वर्षांनी मालकाने एका दुपारीत फ्लेक्स लावला. पुढे पावसाळ्यात गावाकडे जाताना तो पत्रा त्यांना एका शेळ्यांच्या गोठ्यावर दिसला. ‘साड्या’मधला फक्त ‘ड्या’ वाचता येत होता. “घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं?”

वीस वर्षं पोटात ठेवलेलं ते दुःख आता मुलीच्या भविष्यकाळाचं नाव घेऊन बोलत होतं. मुलगीही लहानपणापासून तेच बघत आली होती: माळ्यावरचा ब्रशचा डबा आणि त्याचा विषय न काढणारे पप्पा. यंत्र तिच्या हाताशी येण्याआधीच हार तिच्या घरात होती. पालकांना मी कळकळीने सांगते, ‘आता कलेत काही राहिलं नाही’ हे वाक्य मुलांसमोर उच्चारण्याआधी ते कुठल्या वर्षाचं आहे, ते स्वतःला विचारा.

पण मी त्यांना खोटा धीर दिला नाही. वाढदिवसाचे बॅनर, स्वस्त पोस्टर, पुस्तकाची घाईची मुखपृष्ठं या कामांचे पैसे कमी होणार, काही कामं जाणारच. मुलीलाही हे स्पष्ट सांगितलं. याच बेळगावात चित्रकलेचे गुरू के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे जाहिरातींसाठी आणि वास्तुविशारदांच्या इमारतींसाठी चित्रं काढून पुढे गेले. तसल्या कामांची पायरी आजच्या मुलांना मिळेलच असं नाही, आणि मला स्वतःला यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. नवशिक्याचा हात ज्या किरकोळ कामांवर बसतो, तीच कामं यंत्र आधी उचलतंय. म्हणून तिला म्हटलं, फी भरण्याआधी त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या चार जणांना भेट, ते आज कशावर जगतात ते विचार. आणि तोवर रोज अर्धा तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, समोरची एखादी वस्तू बघून काढ. कुणाला दाखवू नकोस.

मधे शिवजयंतीची मिरवणूक आली. आमच्याकडे ती चित्ररथांची, रात्रभर चालणारी. गल्लीतल्या मुलांनी रथामागच्या पडद्याचं चित्र एआयकडून करून घेतलं. किल्ला झकास आला, पण खालच्या ओळीतल्या जोडाक्षरांचा पार चुरा झालेला. उद्या ही अक्षरंही यंत्राला नीट जमतील, हे मुलीनेच मला सांगितलं. पण मिरवणूक परवावर होती, आणि मुलं वडिलांच्या दारात आली. माळ्यावरचा डबा वीस वर्षांनी खाली उतरला. ब्रश दगडासारखे कडक झाले होते, नवे आणावे लागले.

तिसऱ्या भेटीला दोघं एकत्र आले. प्रवेशाचं अजून ठरलं नव्हतं, चारपैकी दोघांना भेटून झालं होतं. मुलीच्या हातात कागदांची गुंडाळी होती. पानभर नुसते ‘ळ’.

“पोट अजून जाड येतंय,” वडील म्हणाले.

“परवा तर बारीक झालंय म्हणालात!”

“परवाचा ब्रश वेगळा होता की गं.”

जिना उतरेपर्यंत दोघांचा तोच वाद चालला होता.