वाचकांचे प्रश्न : रानात दडलेला लेटरबॉक्स

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मुलांना घेऊन दोन शनिवार रानात लेटरबॉक्स, म्हणजे शिक्का आणि वही घालून लपवलेला डबा, शोधला. सूचना अशी होती : ‘दगडी गडग्याच्या खिंडारात उभे राहा. 240 अंशांवर 40 पेस चाला. दोन बुंध्यांचा ओक, त्याच्या पायथ्याशी पानांखाली.’ फोनमधला कंपास लावून चाललो, पण ओक सापडला नाही. डबा कुणी नेला असेल का?

उत्तर : नेलेला असू शकतो, पण आधी मोजणी तपासा. तुमच्या सूचनेत चूक व्हायला दोन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे उत्तर दिशा. कंपासची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशा भौगोलिक. महाराष्ट्रात या दोन्हींतला फरक एका अंशाच्या आत असल्याने सह्याद्रीत कंपास शिकलेल्याला तो कधी जाणवत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र सुई सुमारे 14 अंश पश्चिमेकडे झुकते. लेटरबॉक्सच्या सूचना बहुतेक वेळा हातातला साधा कंपास पाहून लिहिलेल्या असतात, म्हणजे चुंबकीय. आयफोनच्या कंपासमध्ये ‘यूज ट्रू नॉर्थ’ चालू असेल तर तो भौगोलिक अंश दाखवतो. तसे झाले असल्यास तुम्ही 14 अंश उजवीकडे भरकटलात. 60 मीटर चालल्यावर ही चूक साधारण 15 मीटरची होते, आणि दाट झाडीत 15 मीटरवरचा ओक दिसत नाही. ते सेटिंग बंद करा, किंवा सरळ बेसप्लेट कंपास, म्हणजे पारदर्शक पट्टीवर बसवलेला सुईचा कंपास, घ्या. फोनच्या कव्हरमधले लोहचुंबक आणि तारेचे कुंपण यांपासून तो लांब धरा, आणि आडवा सपाट ठेवा. तिरका धरला की सुई अडकते.

दुसरी जागा ‘पेस’. कुणी एका पावलाला पेस म्हणतो, पण अनेक लेटरबॉक्सवाले दोन पावलांचा एक पेस धरतात, म्हणजे डावा पाय दर वेळी टेकला की एक. मोठ्या माणसाचे पाऊल 75 सेंटिमीटर धरले तर 40 पेस 30 मीटर तरी होतात नाहीतर 60 मीटर. दोन्ही अंतरांवर शोधा. घराबाहेर 30 मीटरची फीत टाकून आपली पावले एकदा मोजून ठेवा. चढावर पाऊल आखडते, तिथे दहाएक टक्के जास्त धरा.

सगळ्यात खात्रीची पडताळणी उलट दिशेने होते. दोन बुंध्यांचा ओक दिसला की त्याला पाठ टेकून खिंडाराकडे कंपास धरा आणि एका मुलाला खिंडारात उभे करा. 240 उणे 180, म्हणजे 60 अंश आले तर तेच झाड. 75 आले तर झाड दुसरे. आणि मुळात खिंडार बरोबर आहे ना? तिथल्या रानात जुन्या शेतांचे गडगे मैलोन्‌मैल पडलेले आहेत आणि त्यांना खिंडारे अनेक. पायवाटेपासून कितवे खिंडार, हे सूचनेच्या आधीच्या ओळीत पुन्हा वाचा. झाडावर रंगाचे दोन पट्टे एकावर एक दिसले तर ती वळणाची खूण असते. वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला, तिकडे वळायचे. ही खूण हुकली की पुढची सगळी मोजणी भलत्याच गडग्यावरून होते.

पायथ्याशी पाने विस्कटू नका. कुणीतरी रचून ठेवल्यासारखी काटक्यांची किंवा दगडांची रास नजरेने शोधा, आधी काठीने हलवा, मग हात घाला. ओकच्या बुंध्यावर केसाळ दोरखंडासारखी वेल चढलेली असेल तर ती बहुधा पॉयझन आयव्ही. पाने तीन-तीन, मधल्या पानाचा देठ लांब. स्पर्श झालाच तर साबण आणि गार पाण्याने लगेच धुवा. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यांमागची जागा, कमर आणि केस तपासून गोचीड पाहा. ती 24 तासांच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली तर लाइम आजाराचा धोका बराच कमी होतो.

प्रश्न : डब्यातल्या वहीत उमटवायला आमचा रबरी शिक्का देवनागरीत हवा आहे. कोरताना काय सांभाळायचे?

उत्तर : शिरोरेषा. ती बारीक राहिली की रबर तुटते आणि अक्षरे सुटी पडतात. निदान 2 मिलिमीटर जाड ठेवा. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने अक्षरे सरळ लिहा, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासा. रबरावर अक्षरे उलटी उमटतील, ठसा सुलट येईल. ‘इ’, ‘क्ष’ यांची पोकळी बुजते, म्हणून अक्षर 12 मिलिमीटरपेक्षा लहान नको. व्ही आकाराच्या पात्याने कोरताना पाते रेषेपासून बाहेर झुकलेले ठेवा. आतून पोखरले की कडा दाबाने बसते. शिक्का पॅडवर आपटण्याऐवजी पॅड शिक्क्यावर टिपा, म्हणजे खाचांत शाई जात नाही.

डब्यातला शिक्का तुमच्या वहीत, तुमचा शिक्का डब्यातल्या वहीत. डब्यातला शिक्का उचलून आणायचा नाही. ठसा वाळू द्या, मगच वही मिटा.

प्रश्न : एक्सेटरमध्ये शिकते. लेटरबॉक्स शोधण्याचा छंद इथल्या डार्टमूर या माळरानावरचा म्हणतात, तो कसा सुरू झाला? आणि एकटीने जावे का?

उत्तर : 1854 मध्ये चॅगफर्डचे वाटाडे जेम्स पेरट यांनी क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत आलेल्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकावे, एवढाच हेतू. पुढे लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले; पुढच्या पाहुण्याने ती टपालात टाकायची. लेटरबॉक्स हे नाव त्यावरूनच.

एकटीने पहिल्यांदा नको. क्रॅनमिअर लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत येते. निघण्याआधी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहा, आणि टेकडीवर लाल निशाण दिसले तर हद्द ओलांडू नका. धुके पंधरा मिनिटांत उतरते, तेव्हा फोनची बॅटरी आणि नेटवर्क यांवर भिस्त ठेवू नका. 1:25,000 चा डार्टमूरचा ओएल 28 नकाशा आणि कंपास सोबत हवाच. नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी ग्रिड संदर्भ 100 मीटरचा चौकोन देतो, तेवढ्यात दगड शेकडो असतात. त्यामुळे सूचनेत दिलेले टॉरांचे, म्हणजे टेकड्यांवरच्या खडकांच्या सुळक्यांचे, कंपासवरचे अंश हाच खरा आधार.

प्रश्न : सुट्टीत पुण्याला आल्यावर किल्ल्यावर असा डबा ठेवावा का?

उत्तर : किल्ल्यावर नको, अभयारण्यात नको. ओळखीच्या शेतात किंवा आमराईत मालकाला विचारून ठेवा. दगडाखाली तर मुळीच ठेवू नका, कारण सह्याद्रीत तिथे फुरसे आणि विंचू असतात आणि शोधणारा हात आत घालणार. कमरेएवढ्या उंचीवरच्या, आतपर्यंत दिसेल अशा ढोलीत ठेवा. डबा रबरी गॅस्केटचा, आत दोन झिप पिशव्या. पिशवीच्या तोंडात एक केस अडकला तरी पावसाळ्यात वहीचा लगदा होतो. खाऊ ठेवू नका, उंदीर डबा कुरतडतात. जूनच्या आधी डबा घरी आणा आणि पाऊस संपला की पुन्हा ठेवा.