लपवलेला अंक समोरच्याला कसा कळतो?

तुमच्या मित्राने तुम्हाला मनात एक संख्या धरायला लावली, तिच्यातून तिच्याच अंकांची बेरीज वजा करायला लावली, उत्तरातला एक अंक लपवून बाकीचे सांगा म्हटलं आणि लपवलेला अंक बरोबर सांगितला. यात मन वाचणं काही नाही, सगळी करामत ९ ची आहे.

समजा ४७३८ धरली. अंकांची बेरीज २२, वजाबाकी ४७१६. आता ७ लपवला, तर उरले ४, १, ६. त्यांची बेरीज ११. त्यापुढची ९ च्या पाढ्यातली संख्या १८. १८ मधून ११ गेले, ७ उरले!

असं का होतं? ४७३८ म्हणजे ४ हजार, ७ शतक, ३ दशक, ८ एकक. प्रत्येक अंक एकेकदा वजा केला की ४ × ९९९, ७ × ९९ आणि ३ × ९ एवढंच उरतं, एकक तर उडूनच जातो. सगळ्याला ९ ने भाग जातो, म्हणून उत्तराच्या अंकांच्या बेरजेलाही जातो. संख्या कितीही मोठी घ्या, उरलेले अंक उलटसुलट क्रमाने सांगा, काही फरक पडत नाही.

अडचण एकच. उरलेल्यांची बेरीजच ९ किंवा १८ आली, तर लपवलेला अंक ० की ९ हे ठरवता येत नाही. म्हणून 'शून्य लपवू नका' असं आधीच सांगायचं.

हे आवडलं तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या जरूर बघा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिच्या अंकांपासून बनणाऱ्या सर्वात मोठ्या संख्येतून सर्वात लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करत राहा, शेवटी ६१७४ च येते. तिथेही प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ ने भाग जातोच.