ट्रॅक्टरची लिफ्ट गरम तेलावर दाखवा, आणि जॉबकार्ड वाचल्याशिवाय सही नको

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. दसऱ्याला नवीन ट्रॅक्टर घेतला, १३० तास झाले, रोटा (रोटाव्हेटर) उचलला की लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबानं उचलणारी यंत्रणा, हळूहळू खाली बसते आणि शोरूमवाले म्हणतात नवीन आहे, सेट होईल. माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त माझ्या मीटरवर ९० तास होते. तेलाची लेव्हल, फिल्टर, ५० तासांची सर्व्हिस हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

माझी चूक एकच, पण लई महागात पडली. मी ट्रॅक्टर संध्याकाळी शोरूमला लावून यायचो, ते सकाळी गार इंजिनवर स्टार्ट करायचे, मागं काहीच न जोडता लिफ्ट दोनदा वरखाली करायचे, बघा साहेब एकदम ओके, बाहेर तेलाचा थेंब नाही. इकडं हरभऱ्याची पेरणी खोळंबलेली, वाफसा निघून चाललेला, मग काय, पुढं केलेल्या जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहायच्या कागदावर, सही ठोकायची आणि निघायचं. असं चार वेळा. नंतर नीट वाचलं तर तक्रारीच्या रकान्यात चारही वेळा 'जनरल चेकअप' आणि खाली बारीक अक्षरात 'काम समाधानकारक, तक्रार नाही'. लिफ्टचा शब्दसुद्धा नाही! पुढं कंपनीच्या ऑफिसला गेलो तर तिथल्या साहेबांनी हेच चार कागद माझ्यापुढं सरकवले. वर चहा पाजला. त्या चहाचा राग अजून गेला नाही.

खरं दुखणं शेवटी आत निघालं. लिफ्टच्या सिलेंडरमधल्या पिस्टनची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) बसवतानाच एका बाजूनं कापलेली. असं असलं की तेल बाहेर येत नाही, आतल्या आत निसटतं, आणि तेल तापून पातळ झालं की जास्तच निसटतं. म्हणून सकाळी ओके आणि दोन तास रोटा मारला की बोंब. तुमचंही हेच असेल असं नाही, मी मेकॅनिक नाही, लिफ्टचं तेल सोडणारा-अडवणारा कंट्रोल व्हॉल्वही असू शकतो. पण दाखवायचं तर गरम तेलावर आणि अवजार जोडूनच दाखवा. मी शेवटी काय केलं, काम करून आल्या आल्या रोटा पूर्ण उचलला, इंजिन बंद केलं, बाजूला काठी रोवून रोट्याच्या उंचीला खडूची खूण केली आणि मोबाईल लावून ठेवला. पाच मिनिटांत रोटा खुणेच्या वीतभर खाली. व्हिडिओत सुरुवातीला अवर मीटर येऊ द्या.

आणि गावातल्या फिटरकडून आत्ता काही खोलू नका, वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं शोरूमवाल्यांना.

पुढच्या वेळी जॉबकार्डवर तुमच्या हातानं लिहा, 'लिफ्ट गरम झाल्यावर बसते, दोष कायम'. लिहू देत नसतील तर सही नाही, तिथूनच कंपनीला ईमेल. आधी १९१५ ला, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाका, फुकट आहे. नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, किंमत ५ ते १० लाखांत असेल तर फी २०० रुपये. वकील लागतोच असं नाही, मी मात्र केला होता, कायद्याचं पक्कं त्यालाच विचारा.

एक सांभाळा. नुकसानभरपाईत 'भाडं बुडालं', म्हणजे दुसऱ्यांच्या शेतातल्या कामाचे पैसे बुडाले, हे मी मोठ्या हौसेनं लिहिलं, तर समोरचा वकील म्हणाला हा तर धंद्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर, हा ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू कायद्यात धंद्याची धरत नाहीत, पण ते सिद्ध करण्यात चार तारखा गेल्या. शेवटी तडजोड झाली, ओ-रिंग, पंप बदलून दिला आणि थोडे पैसे.

रागानं हप्ता थांबवू नका. बँकेला लिफ्टशी घेणं नसतं, ती ट्रॅक्टर ओढून नेते.

बाकी खाली कमेंटमध्ये जे निळ्या कंपनीचा घ्यायचा होता, लाल कंपनीचा घ्यायचा होता म्हणून भांडतायत त्यांना काय बोलायचं, माझ्या मेव्हण्याचा त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर ३००० तास चाललाय, एक नट ढिला नाही. अजून घ्यायचा असेल त्यांनी रंगापेक्षा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या, ट्रॅक्टर तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा टेस्ट रिपोर्ट बघा, लिफ्ट किती वजन उचलते ते त्यात असतं.

दादा, तुमच्या जुन्या जॉबकार्डांवर काय लिहिलंय ते आधी बघून इथं टाका.