अनारसे हसले तेव्हा

अगं,

तुझा मेसेज मिळाला. परीक्षणासाठी पाच पुस्तकं आलीत, कविता, इतिहास, पाककृती, एक आत्मकथन आणि डाळिंबाच्या शेतीवरचं एक, आणि तू विचारतेस की सगळ्यातलं थोडं थोडं कळणाऱ्या माणसाने हे लिहावं का. लिही, नक्की लिही, फक्त पाचही पुस्तकांना एकच पट्टी लावू नकोस.

माझी एक चूक सांगते, अजून मनाला लागते. पूर्वी एका पाककृतींच्या पुस्तकावर मी छान लिहिलं होतं, फोटो, मांडणी, ओघवती भाषा वगैरे, पण त्यातला एकही पदार्थ करून बघितला नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंनी माझं वाचून पुस्तक घेतलं आणि दिवाळीत त्यातले अनारसे केले, तर पहिलाच अनारसा तुपात पडल्या पडल्या हसला, म्हणजे पार विरघळून जाळी होऊन पसरला. मग मी ते पान नीट वाचलं. तांदूळ भिजवा एवढंच लिहिलेलं, तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं हे नाही, गूळ जास्त झाला तर हसतात हे नाही, खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही हेही नाही. पहिल्यांदा करणाऱ्या बाईला जे लागतं नेमकं तेच गाळलेलं. काकू काही बोलल्या नाहीत गं, पण किलोभर तांदूळ आणि तूप माझ्या शब्दावर गेलं. तेव्हापासून पाककृतीचं पुस्तक आलं की निदान तीन पदार्थ करते, त्यातला एक तरी अवघड, आणि मगच लिहायला बसते.

इतिहासाचं पुस्तक आलं की मी आधी शेवटची पानं उघडते, संदर्भ, सूची. शिवकाळावरचं असेल तर लेखक कशाच्या आधारावर बोलतोय ते बघ. सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली, महाराज जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर त्यानंतरही शंभरावर वर्षांनी. दोन्हींना सारखंच वजन देऊन कोणी प्रसंग रंगवत असेल तर ते वाचकाला सांगायलाच हवं, भाषा कितीही जोरदार असू दे. सगळी कागदपत्रं तुला तपासता येणार नाहीत, पण चार तळटीपा तरी मूळ ठिकाणी जाऊन बघ, ग्रंथालयात एक दुपार जाईल, जाऊ दे.

कविता मोठ्याने वाच. बस्स, बाकी तुझं तुला कळेल.

आत्मकथनाच्या बाबतीत मात्र सांभाळून. बोलीत लिहिलंय म्हणून "भाषा अशुद्ध" असं कधीही लिहू नकोस. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, त्यानंतर दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला केवढं जग आणि केवढे शब्द दिले, आणि तरी आजही कोणीतरी प्रमाणभाषेची फूटपट्टी घेऊन बसतं याचा मला खरंच राग येतो. शब्द अडला तर त्या भागातल्या माणसाला विचार.

आणि मलपृष्ठावरचं शेवटी वाच, नाहीतर त्यातलीच विशेषणं तुझ्या लेखात उतरतात, मी हे फार वेळा बघितलंय. प्रत "अभिप्रायार्थ" म्हणून फुकट आली असली तरी छापील किंमत बघ आणि तेवढ्या पैशात घ्यावं का ते स्पष्ट लिही, वाचक ते पैसे खिशातून देणार असतो.

डाळिंबाच्या पुस्तकाची घाई करू नकोस. माझा मावसभाऊ सांगोल्याला डाळिंब लावतो, बहार धरण्याचं आणि तेल्या रोगाचं अशी दोन प्रकरणं फोटो काढून मला पाठव, मी त्याला देते. तो रात्री बागेतून आल्यावर वाचेल, आठवडा तरी लागेल त्याला, तोवर तू अनारशांचे तांदूळ भिजत घाल.

तुझी,
ताई