तांब्यावरचं नाव

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून सांगते" म्हणाले. इथे टोरोंटोत सकाळची घाई होती, तिकडे आजी दिवा लावत होती, आणि दाराला कुलूप लावता लावता सांगावं असं ते उत्तर नव्हतं. पत्रातलं अडेल ते आजीकडून वाचून घे. तिनंही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तू देवघरातला पितळी तांब्या घासायला घेतलास आणि त्यावर 'चि. इंदू हिस मामाकडून सप्रेम भेट' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तुला दिसलं. इंदू कोण, तर आजी म्हणाली, "मीच की." मग सगळे तिला सुनीता का म्हणतात? आपल्यात बायकांना दोन नावं का असतात? आणि शेवटी तू हळूच विचारलंस, "माझं पण बदलणार का?"

आजी जेवण झाल्यावर मोबाइलवर जे जुने भाग बघते ना, 'तू तू मैं मैं'चे, त्यातल्या सासूबाईंपासून सुरुवात करते. त्या रीमा लागू. त्यांचं जन्माचं नाव नयन भडभडे. लग्नानंतर नयनच्या रीमा झाल्या आणि भडभडेंच्या लागू. त्यांच्याबद्दल लिहिताना वर्तमानपत्रांत हमखास 'पूर्वाश्रमीच्या नयन भडभडे' असं येतं. हा 'पूर्वाश्रमीचा' शब्द आपल्याकडे दोघांसाठीच वापरतात, संन्यास घेतलेल्या माणसासाठी आणि लग्न झालेल्या बाईसाठी. संन्यासी मागचं सगळं सोडून जातो. बाईनं काय सोडलेलं असतं ते आपण विचारत नाही. मला तो शब्द कधीच आवडला नाही.

रीमाताईंचा जन्म १९५८ चा. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री, त्यामुळे नाटक घरातच होतं. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण झालं, पुढे मुंबईत बँकेत नोकरी धरली. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी तालीम, असं त्यांनी बरीच वर्षं केलं. 'पुरुष' नाटकात त्या नाना पाटेकरांसमोर उभ्या राहायच्या, स्वतःवरच्या अन्यायाचा जाब विचारणारी शिक्षिका होऊन. 'सविता दामोदर परांजपे' नाटकात तर एका बाईच्या अंगात दुसरीच बाई येते. म्हणजे तिथेही एका देहाला दोन नावं. ही नाटकं तू मोठी झालीस की वाच.

सिनेमानं त्यांना फार लवकर आई करून टाकलं. 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या आणि तो त्यांच्याहून जेमतेम ७ वर्षांनी लहान. 'वास्तव'मधला मुलगा संजय दत्त तर त्यांच्याहून एकच वर्षानं लहान! १९९४ साली मोठ्या पडद्यावर 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या माधुरी दीक्षितच्या आई होत्या आणि त्याच वर्षी टीव्हीवर 'तू तू मैं मैं' सुरू झाली, तिथे सुप्रिया पिळगावकरांच्या सासू. माधुरी आणि सुप्रिया दोघी १९६७ च्या. एकीला डोळ्यांत पाणी आणून निरोप द्यायचा आणि दुसरीशी भाजीच्या फोडणीवरून भांडायचं, आणि दोन्ही खरं वाटायचं.

मालिका सचिन पिळगावकरांची. पण आपल्या गल्लीत ती ओळखली जायची 'कुलदीपची मालिका' म्हणून. सासरे झाले होते कुलदीप पवार, आपल्या कोल्हापूरचे. त्यामुळे मंगळवार पेठेत प्रत्येकजण असं बघायचा जणू पलीकडच्या वाड्यातलंच भांडण चाललंय. आणि आपल्या घरात ते बघणाऱ्या दोघी खरोखरच्या सासू-सुना होत्या. तुझी पणजी भिंतीला टेकून, पाय लांब करून. आजी तिच्या जरा मागे, कारण पुढे बसायची तिला सवय नव्हती. मांडीवर परात घेऊन उद्याचे तांदूळ निवडत. देवकी, म्हणजे रीमाताई, सुनेला टाकून बोलल्या की पणजी म्हणायची, "बरोबर हाय तिचं." सुनेनं उलट उत्तर दिलं की आजी तोंडाला पदर लावून हसायची, आणि आवाज फुटलाच तर, "आमचा कुलदीप बघा की, बिचारा कसा गप बसलाय," असं म्हणून विषय बदलायची.

मला आता कळतं, की रीमाताई तिथे विनोद करतच नव्हत्या. त्या मनापासून भांडत होत्या. हसवायचं म्हणून तोंड वाकडं करणं नाही की वाक्य संपल्यावर थांबून बघणं नाही. त्यांचं सगळं त्या एका क्षणात असायचं, सुनेचं बोलणं कानावर पडल्यानंतरच्या आणि स्वतः तोंड उघडायच्या आधीच्या. मान जराशी वळायची, डोळे आधी बोलायचे, आणि आपल्याला कळायचं की आता येतंय. पणजीची मान अगदी तश्शीच वळायची. म्हणून तर आजीला एवढं हसू यायचं! आणि एवढं भांडूनही देवकी वाईट वाटायची नाही, कारण ती घर हातातून निसटेल म्हणून घाबरलेली बाई होती आणि रीमाताईंनी ती भीती कधी लपवली नाही. 'श्रीमान श्रीमती'मधली त्यांची कोकी कुलकर्णी बघितलीस तर तीही अशीच, ओळखीच्या घरातली.

एकदा मालिका चालू असताना मी आजीच्या परातीतल्या तांदळात बोटानं माझं नाव लिहिलं. पणजी बघत होती. म्हणाली, "तुझ्या आईचं नाव असंच लिवलंतं, अंगठीनं." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. नवरी माप ओलांडून घरात आली की लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पेढे वाटतात आणि नाव सगळ्यांना सांगतात. कुणी नवऱ्याच्या नावाला जुळणारं ठेवतं, कुणी हौसेनं. आपल्या घरात कारण साधं होतं, आजोबांच्या बहिणीचं नाव इंदू. एका घरात दोन इंदू नकोत, म्हणून आलेल्या इंदूची सुनीता झाली. तिला कुणी विचारलं नाही. पणजी त्या दिवशी टीव्हीकडे बघतच म्हणाली, "इंदूच ऱ्हाऊ द्यायला पायजे हुतं. नणंद काय, वर्षात नांदायला गेली." आजीनं उत्तर दिलं नाही. परात हलवून तिनं माझं नाव मोडलं आणि निवडायला लागली.

माझ्या लग्नात ताट पुढे आलं तेव्हा तुझ्या बाबांनी माझं होतं तेच नाव लिहिलं. आम्ही आधीच ठरवलं होतं. दोन-चार मोठी माणसं नाराज झाली. रात्री स्वयंपाकघरात आजी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बरं केलंस. मला सुचलं नसतं." तू तिकडे ऐकतेसच, कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी करतो' म्हणतात. मी लहान असताना मला वाटायचं, अशा रुबाबात बोलणारी माझी आई कुणाचं ऐकत नसेल.

दोन वर्षांपूर्वी तिला इकडे आणायचं होतं. शाळेचा दाखला इंदूचा, लग्नानंतरचे सगळे कागद सुनीताचे. एका कार्यालयातून अर्ज दोनदा परत आला. शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच. नोटरीच्या टेबलाशी बसून तिनं मला व्हिडिओ कॉल केला. पेन हातात, समोर कागद. "कुठल्या नावानं सही करू गं?" मला पटकन बोलता आलं नाही. मग तिनं दोन्ही नावांनी केली. इंदूची सही शाळकरी मुलीची होती, गोल अक्षरं, ओळीला धरून. चाळीसेक वर्षांत ती सही मोठीच झाली नव्हती.

रीमाताईंचं मात्र वेगळं झालं. काही वर्षांनी त्या आणि त्यांचे पती वेगळे झाले, पण नाव त्यांनी तेच ठेवलं. तोवर ते सासरचं राहिलंच नव्हतं. नाटकाच्या जाहिरातींतून, सिनेमांतून आणि आपल्यासारख्या घरांतून त्यांनी ते स्वतःचं करून घेतलं होतं. २०१३ मध्ये 'तुझं माझं जमेना'त त्या पुन्हा सासू झाल्या, या वेळी मराठीत, आणि आजीनं मला इथे फोन करून ते आनंदानं कळवलं होतं. १८ मे २०१७ च्या पहाटे हृदयविकारानं त्या गेल्या, 'नामकरण' मालिकेचं काम चालू असतानाच. वय अवघं ५८. त्यांना अग्नी दिला त्यांच्या मुलीनं, मृण्मयीनं. ती लेखिका आहे, 'थप्पड' सिनेमा लिहिण्यात तिचा वाटा होता, आणि ती नाव लावते मृण्मयी लागू वायकुळ. आईचं आडनाव तिनं सोडलं नाही. त्या दिवशी आजीनं फोनवर मला एकच वाक्य सांगितलं, "आमच्या घरातली गेली."

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुझं नाव बदलणार नाही. तुला कधी स्वतःहून बदलावंसं वाटलं तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा मी आड येणार नाही. पण तुला न विचारता कुणी तांदळात काही लिहीत असेल, तर ते ताट मी स्वतः उचलून ठेवीन.

आणि तांब्याला चिंच लावून फार घासू नकोस. 'दू'चा ऊकार झिजत आलाय, परवा फोटोत मला तो दिसलाच नाही. भांड्याच्या दुकानात अजूनही मशीनवर नाव घालून देतात. पाऊस उघडला की आजीला घेऊन जा आणि तिला विचार, इंदू पुन्हा ठळक करून घ्यायचं, की खाली सुनीताही घालायचं. काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
आई