आकडा चुकला कोणाचा? ‘आर’ वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न

‘आर’ ही मुक्त सांख्यिकी प्रणाली. तिच्यात काही चुकतंय अशी शंका आली तर काय करायचं, यावर आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : एक्सेलमध्ये २.५ चा पूर्णांक केला की ३ येतो. ‘आर’मध्ये राऊंड(२.५) दिलं की २ येतो. ०.१५ एका दशांशापर्यंत आणलं तर ०.१ मिळतं. हा बग कुठे कळवायचा?
— बी.एस्सी. विद्यार्थी, सांगली

हा बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, नाही. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या ‘आर’ जवळच्या सम अंकाकडे नेतं : २.५ चे २, ३.५ चे ४. प्रत्येक वेळी वरच ढकललं तर मोठ्या यादीची बेरीज उगाच फुगते, म्हणून हा नियम. ०.१५ चं कारण वेगळं आहे. संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत ही संख्या तंतोतंत मावत नाही. साठवली जाते ती ०.१४९९९… अशी, म्हणजे मुळातच अर्ध्याच्या किंचित खाली. याच कारणाने ०.१ + ०.२ आणि ०.३ यांची ‘==’ ने तुलना केली की उत्तर ‘फॉल्स’ येतं. तिथे किंचित फरक चालवून घेणारं ऑल.ईक्वल वापरा. दशांश स्थळांपर्यंत राऊंड करण्याची पद्धत ४.०.० या आवृत्तीत (एप्रिल २०२०) नव्याने लिहिली गेली. त्यामुळे जुन्या संगणकावर एखादा आकडा वेगळा दिसला तर आधी आवृत्ती पाहा.

‘आर’चं काम पाहणाऱ्या मंडळींच्या लेखी बग दोनच प्रकारचे : प्रोग्राम कोसळतो, किंवा मदतपानावर जे लिहिलंय त्याच्या विरुद्ध वागतो. तेव्हा आधी मदतपान उघडा. राऊंडच्या पानावर वरच्या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. पानच चुकीचं किंवा संदिग्ध असेल तर तेही जरूर कळवा, तोसुद्धा दोषच आहे.

प्रश्न : २०१८ मधल्या एका प्रबंधाचा कोड जसाच्या तसा चालवला. सेट.सीडमधला आकडाही (यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा) तोच ठेवला. तरी नमुन्यात वेगळीच माणसं निवडली जातात. नव्या आवृत्तीत बिघाड आहे का?
— संशोधक विद्यार्थिनी, राहुरी

बिघाड जुन्या आवृत्तीत होता. तो दुरुस्त झाला म्हणून तुमचा नमुना बदलला.

सॅम्पल हे फंक्शन पूर्वी शून्य ते एकमधली यादृच्छिक संख्या घ्यायचं, तिला एकूण संख्येने गुणायचं आणि अपूर्णांक टाकून द्यायचं. पण त्या यादृच्छिक संख्येच्या शक्यता मोजक्याच असतात, २ चा ३२ वा घात इतक्या. आता समजा, निवड करायची आहे या संख्येच्या दोन-पंचमांश, म्हणजे सुमारे १७१ कोटी ८० लाख नोंदींतून. प्रत्येक नोंदीच्या वाट्याला अडीच शक्यता येतात. अर्धी शक्यता कोणालाच देता येत नाही, म्हणून एका नोंदीला तीन, पुढचीला दोन, असं वाटप होतं. दहा लाख वेळा निवड करून सम-विषम मोजले तर निम्मे-निम्मे यायला हवेत. प्रत्यक्षात ४० आणि ६० टक्के यायचे. पन्नास विद्यार्थ्यांतून दहा निवडताना हा फरक नगण्य असतो, म्हणूनच तो इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

३.६.० मध्ये (एप्रिल २०१९) पद्धत बदलली. आता गरजेपुरते बिट घेतले जातात आणि आलेली संख्या मर्यादेबाहेर गेली तर ती फेकून पुन्हा काढली जाते. जुना निकाल पडताळायचा असेल तर आरएनजीकाइंड या फंक्शनला सॅम्पल.काइंड = “राऊंडिंग” द्या आणि त्यानंतर सेट.सीड चालवा. एक इशारा छापून येईल, तो येणारच. ही सोय पडताळणीपुरतीच आहे. नव्या कामात वापरू नका. आरनॉर्म, आरयुनिफ या यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनांचे आकडे या बदलाने हललेले नाहीत. तेही वेगळे येत असतील तर कारण दुसरीकडे शोधा.

प्रश्न : तालुक्यांच्या दोन याद्या ‘मर्ज’ केल्या (नाव जुळवून जोडल्या) की कऱ्हाड गळतो. दोन्हीकडे नाव तेच आहे, डोळ्यांनी तपासलं. आमच्या जुन्या विंडोज संगणकावर तर देवनागरीऐवजी कंसात आकडेच दिसतात.
— सांख्यिकी सहायक, सातारा

डोळ्यांना हे दिसणारच नाही. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१). दोन, साधा र (०९३०) आणि त्याखाली नुक्ता. तीन, जुन्या कळफलकांची तऱ्हा : र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, जो पडद्यावर उमटतच नाही. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी गावं आहेत. दोन्ही याद्यांतलं नाव यूटीएफ८टूइंट या फंक्शनला द्या, आत काय आहे ते आकड्यांत दिसेल.

उपाय : स्ट्रिंगी या पॅकेजमधलं (‘आर’ला जोडायच्या फंक्शनांच्या संचातलं) स्ट्राय_ट्रान्स_एनएफसी दोन्ही याद्यांवर चालवा. पहिल्या दोन तऱ्हा त्याने एक होतात. तिसरी होत नाही. तिथे जोडक नुसता पुसू नका, पुसलात तर ‘कर्हाड’ असा रफार उरेल. ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. पीडीएफमधून उतरवलेल्या याद्यांत आणखी एक चोर असतो : न तुटणारी मोकळी जागा. ट्रिमडब्ल्यूएस हे फंक्शन एरवी फक्त साधी स्पेस, टॅब आणि ओळ-बदल काढतं, ही जागा तशीच राहते. त्याच्या मदतपानावर व्हाइटस्पेसचा अधिक व्यापक नमुना दिलेला आहे, तो वापरा.

कंसातले आकडे हा मात्र विंडोजवरचा खरा, जुना त्रास होता. ४.२.० पासून (एप्रिल २०२२) ‘आर’ विंडोजवरही यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत वापरतं, पण त्यासाठी विंडोज १० ची १९०३ किंवा नंतरची आवृत्ती लागते. दोन्ही असूनही देवनागरी बिघडत असेल तर नक्की कळवा. हे दोष मराठी लिहिणाऱ्यांनी कळवले नाहीत तर ते इतरांच्या लक्षात येणं कठीण. कळवताना शब्द देवनागरीत न चिकटवता त्यातली अक्षरं युनिकोड क्रमांकांनी लिहा, म्हणजे मेलमधून जाताना ती बदलत नाहीत. सोबत एल१०एन_इन्फो आणि सिस.गेटलोकेल या भाषेची मांडणी सांगणाऱ्या फंक्शनांचं उत्तर जोडा.

प्रश्न : एका पॅकेजमध्ये चुकीचं प्रमाणविचलन येतंय अशी माझी खात्री आहे. कर्त्याला ‘फंक्शन नीट चालत नाही’ असा मेल स्क्रीनशॉटसह पाठवला. दीड महिना उत्तर नाही.
— सार्वजनिक आरोग्य संशोधक, नागपूर

त्या मेलवरून त्या माणसाला काहीच करता येत नाही. स्वतःच्या संगणकावर चूक घडवून पाहता आली तरच तो ती दुरुस्त करील. पॅकेज सांभाळणारे बहुतेकजण हे काम नोकरीनंतरच्या वेळात, बिनमोबदला करतात. त्यांचा पहिला तास वाचवणं हे कळवणाऱ्याचं काम.

पहिल्यांदा चूक पॅकेजचीच आहे ना, ते पाहा. टर्मिनलमधून ‘आर --व्हॅनिला’ असं कोरं सत्र उघडा. मागच्या वेळचं साठवलेलं कार्यक्षेत्र आपोआप उघडणं आणि त्यातलं एखादं जुनं चल कामात येणं, हे फसण्याचं फार नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण, नावांची टक्कर. डीप्लायर आणि मास या दोन्ही पॅकेजांत सिलेक्ट नावाचं फंक्शन आहे. फिल्टर डीप्लायरमध्ये आहे आणि ‘आर’सोबत येणाऱ्या स्टॅट्समध्येही. नंतर उघडलेलं पॅकेज आधीच्याला झाकतं. म्हणून पॅकेजचं नाव आणि दोन विसर्गचिन्हं ‘::’ लावून फंक्शन बोलवा. मग पॅकेज अद्ययावत करा आणि त्याची ‘न्यूज’ फाइल वाचा, कदाचित दुरुस्ती कधीच झालेली असेल.

एवढं करूनही आकडा चुकतोच आहे? मग उदाहरण लहान करायला घ्या. विदा (डेटा) निम्मी करा. चूक राहिली तर पुन्हा निम्मी करा, गेली तर दुसरी निम्मी घेऊन पाहा. हजार ओळींवरून दहा ओळींवर यायला सात-आठ फेऱ्या पुरतात. मॉडेलमधली चलंही एकेक करून काढा. उरलेल्या दहा ओळी डीपुट या फंक्शनमधून काढून कोडमध्येच चिकटवा, वेगळी एक्सेल फाइल जोडू नका. एमटीकार्ससारख्या ‘आर’सोबत येणाऱ्या विदेवर चूक दिसत असेल तर उत्तमच. तुमच्या क्षेत्राबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी : रुग्णांची खरी नोंद, नाव पुसूनसुद्धा, पाठवू नका. गाव, वय आणि तारीख जुळली की माणूस ओळखू येतो. सेट.सीड देऊन तशाच आकाराची कृत्रिम विदा बनवा. यादृच्छिकतेचा जरासा जरी संबंध असेल तरी सेट.सीड हवंच.

मजकुरात तीन गोष्टी असू द्या : मी काय चालवलं, काय आलं, काय यायला हवं होतं आणि का. ‘का’ हा भाग बहुतेकजण गाळतात, आणि चुकीच्या आकड्याच्या तक्रारीत तोच सगळ्यांत मोलाचा असतो. दहा ओळींचं प्रमाणविचलन हाताने काढून दाखवा. भागाकार n ने केला की n − १ ने, हेही लिहा, कारण अर्धे वाद तिथेच मिटतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरचं उत्तर पुरावा म्हणून चालतं, पण एकटं पुरत नाही, तेही चुकत असू शकतं. शेवटी सेशनइन्फो या फंक्शनचं उत्तर पूर्ण चिकटवा. त्यात आवृत्त्यांबरोबर गणिताचं कोणतं ग्रंथालय जोडलंय तेही दिसतं. आठव्या-नवव्या दशांशावरचा फरक अनेकदा तिथूनच येतो. चूक संदेश देऊन थांबत असेल तर लगेच ट्रेसबॅक चालवून तेही जोडा. रेप्रेक्स हे पॅकेज कोड आणि उत्तरं एकत्र, चिकटवण्याजोगी करून देतं. स्क्रीनशॉटमधला कोड कोणालाही चालवता येत नाही.

हे सगळं कुठे पाठवायचं? मेंटेनर या फंक्शनला पॅकेजचं नाव द्या, जबाबदार व्यक्तीचा पत्ता मिळेल. पॅकेजच्या वर्णनात ‘बगरिपोर्ट्स’ असा रकाना असेल तर त्या दुव्यावर नोंदवा, बहुधा तो गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा असतो. आधी बंद झालेल्या नोंदींतही शोधा. बेस, स्टॅट्स, युटिल्स ही ‘आर’च्या गाभ्याची पॅकेजेस. त्यांचे दोष ‘आर’च्या बगझिला या दोष-नोंदवहीवर जातात. तिथलं खातं स्वतःहून उघडता येत नाही, मेलने मागावं लागतं. सर्व्हायव्हल, एमजीसीव्ही ही ‘आर’सोबत येतात, तरी त्यांचे मेंटेनर वेगळे, म्हणून तपासल्याशिवाय गाभ्याच्या माथी मारू नका. फक्त सुरक्षेशी संबंधित दोष उघड्यावर लिहू नका, तो आधी खासगीत कळवा. आरडीएस (‘आर’ची विदा साठवणारी) फाइल उघडताना परका कोड चालू शकण्याचा असा दोष ४.४.० मध्ये (एप्रिल २०२४) दुरुस्त झाला आहे. ज्यांची आवृत्ती जुनी आहे त्यांनी ती बदलावी.

प्रश्न : दोष सापडला, नेमकी ओळही सापडली. दुरुस्ती करून कशी पाठवू?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

आधी चाचणी लिहा, मग दुरुस्ती करा. टेस्टदॅट या चाचण्यांच्या पॅकेजमध्ये योग्य उत्तराची अपेक्षा मांडा आणि जुन्या कोडवर ती नापास होते हे स्वतः पाहा. पहिल्यापासून पास होणारी चाचणी चुकीची जागा तपासते आहे. मग ओळ बदला. चाचणी पास झाली की ‘आर सीएमडी चेक’ला --ॲज-क्रॅन (क्रॅन म्हणजे पॅकेजांचं भांडार) जोडून पूर्ण पॅकेज तपासा आणि ‘न्यूज’मध्ये एक ओळ घाला. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकच दोष असू द्या. जाता जाता दोनशे ओळींची मोकळी जागा सारखी केलीत तर तुमची खरी दुरुस्ती त्यात हरवते. मोठ्या बदलाआधी मेंटेनरला विचारून घ्या.

आसपास हेच दोष आणखी कुठे आहेत का, ते पाहा : सदिश (मूल्यांची रांग) रिकामा असला की १:लेंग्थ(एक्स) मधून १ आणि ० असे दोन फेरे होतात, तिथे सीक_अलाँग हवं. मॅट्रिक्समधून एकच स्तंभ उचलला की तो सदिश बनतो, तिथे ड्रॉप = फॉल्स हवं. आणि एकच संख्या उरलेल्या यादीवर सॅम्पल चालवलं, समजा ७, तर ते १ ते ७ ची फेरमांडणी देतं. तिन्ही दोष नेहमीच्या विदेवर दिसत नाहीत, एखादा गट रिकामा किंवा एकटा निघाला की उगवतात.

दुरुस्ती ‘आर’च्या गाभ्यातली असेल तर सबव्हर्जन या कोड-साठ्यातल्या ‘ट्रंक’ या मुख्य शाखेवरून फरकाची फाइल बनवा, मेक चेक-ऑल चालवा आणि ती बगझिलाच्या नोंदीला जोडा.

प्रश्न : पेअर्ड टी-टेस्ट (त्याच व्यक्तींच्या आधी-नंतरच्या मोजमापांची तुलना) सूत्र लिहून करत होतो. नव्या आवृत्तीत ती चालेनाशी झाली. चालू गोष्ट का मोडली?
— प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

कारण ती चुपचाप चुकू शकत होती. सूत्राच्या रूपात पेअर्ड = ट्रू दिलं की ‘आर’ पहिल्या गटातली पहिली ओळ दुसऱ्या गटातल्या पहिल्या ओळीशी जोडायचं, मग ती त्याच व्यक्तीची असो वा नसो. ओळींचा क्रम हलला की जोड्या चुकायच्या आणि इशारा एकही यायचा नाही. यावरची तक्रार बगझिलावर कित्येक वर्षं होती. ४.४.० मध्ये असं लिहिणं थेट अडवलं गेलं. आता विदा रुंद करा, एका व्यक्तीची एक ओळ, ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे दोन स्तंभ, आणि सूत्रात पेअर(आधी, नंतर) ~ १ लिहा. जुन्या विश्लेषणांची विदा व्यक्तिक्रमांकाने लावून तीच चाचणी पुन्हा चालवा. पी-मूल्य बदललं तर त्या वेळी जोड्या चुकल्या होत्या.